रिंग जात होती

कुठल्याही गावात पोचल्या की शैलाताई आधी सार्वजनिक फोन शोधायच्या आणि पेठला आपल्या आईला लावायच्या. "आई, आज भाजी कसली केलीस?" एवढंच विचारायच्या. आई तिकडून मेथी, कारली जे काय असेल ते सांगायची आणि गावाचं नाव, वेळ, आवाज स्वच्छ आला की खरखरला, हे वहीत टिपून ठेवायची. दिवसात सात गावं झाली तर त्या माउलीने सात वेळा कारली सांगितली असतील! मी एकदा म्हटलं, "ताई, नुसतं हॅलो म्हटलं तरी कळतं की." तर म्हणाल्या, "हॅलो पोपटसुद्धा म्हणतो, दत्ताभाऊ. माझा प्रश्न तिला कळला, तिचं उत्तर मला कळलं, की मग फोन चालू."

गेल्या साली ताई गेल्या. पेपरात चार ओळी आल्या, 'दूरसंचार धोरण व नियमन यांच्या स्वतंत्र सल्लागार'. आमच्या जुन्नरात हे वाचून कुणाला काय उमगणार, कपाळ! म्हणून मी लिहायला बसलोय. मी फोनच्या खात्यातला साधा लाइनमन. जन्मभर लिहिलं ते रजिस्टर, आणि तेही कसं लिहिलं ते पुढे येतंच आहे.

नव्वदचं दशक संपत आलं असताना ताई दिल्लीची मोठी नोकरी सोडून पेठला आईजवळ आल्या. पुढच्या खोलीत फॅक्सचं मशीन, फायलींचे ढीग आणि दारावर पाटी, 'सल्लागार'. फोनचा धंदा तेव्हा खासगी कंपन्यांकडे जायला लागला होता आणि सरकार नवेनवे नियम काढत होतं. त्या नियमांचा अर्थ लावायचा, कुठे चुकतंय ते लेखी कळवायचं, हे त्यांचं काम. गल्लीला मात्र कोडं पडलेलं. "वकील न्हाई, डाक्टर न्हाई, मंग बाई सल्ला देती तरी कशाचा?" ताईंना कुणी थेट विचारलं, "तुमी सरकारच्या का कंपनीच्या?" तर त्या म्हणायच्या, "काम ज्याचं त्याचं करते. मत मात्र माझं."

एका कंपनीवर सरकारची अट होती, घाटाकडच्या वाड्यांमध्ये फोन बसवायचे. कंपनीला ती अट नको होती. तिथल्या लोकांना फोनची गरज आहे का, याचा अहवाल त्यांनी ताईंना लिहायला दिला. खात्याचे जुने फोन दाखवायला साहेबांनी मला धाडलं. आळेफाट्याच्या स्टँडवर बघतो तर काय, साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली किरकोळ बाई! मी मनात म्हटलं, हिला ओझरला गणपती दाखवू, रस्त्याकडची चार गावं दाखवू, मिटलं. ताईंनी हॉटेलात चहा घेता घेता माझं रजिस्टर चाळलं आणि एका वाडीच्या नावावर बोट ठेवलं.

"इथे सहा महिने रिंग जाते आणि कुणीच उचलत नाही?"

"लोकान्ला गरजच न्हाई, मॅडम."

"मग तिथेच जाऊ."

मला तिथे जायचं नव्हतं. कारण त्या वाडीचे दोन खांब पावसाळ्यात आडवे झाले होते, ते मला ठाऊक होतं. सामान मागितलं होतं, मिळालं नव्हतं. मग मी काय करायचो? दर महिन्याला जुन्नरच्या एक्स्चेंजमधून तो नंबर फिरवायचो. लावणाऱ्याला जी रिंग ऐकू येते ती एक्स्चेंजचं मशीन वाजवतं. पुढे तार तुटलेली का असेना, त्याला ती ऐकू येतेच. मी लिहायचो, 'रिंग: होय. उत्तर: नाही.'

वाडीत फोन शाळेच्या ओसरीवर होता, धुळीने माखलेला. ताईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि खाली ठेवला. तेवढ्यात भागाबाई नावाची म्हातारी जवळ आली. "बंद हाये का काय ह्यो?" तिचा मुलगा मुंबईला बाजारात हमाली करायचा. "दर आयतवारी लावीन म्हनला व्हता. मी येऊन बसायची हितं. एकदा बी वाजला न्हाई. दिवाळीला बी आला न्हाई. इसरला मला."

ताईंनी तिच्या मुलाचा पत्ता लिहून घेतला. घाट उतरताना म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तो पोरगा लावत असेल तर त्याला काय ऐकू येत असेल?"

"रिंग जात असंल, ताई."

एवढं ऐकून त्या पुढे चालू लागल्या. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

अहवालात त्यांनी खरं ते लिहिलं: लोक फोन उचलत नाहीत असं नाही, तिथे तारच नाही. कंपनीने आभार मानून त्यांना वाटेला लावलं आणि दुसऱ्याकडून हवा तसा अहवाल करून घेतला, खात्याकडून मिळवलेलं माझं रजिस्टर जोडून. ती अट ठेवायची की काढायची, यावर पुण्याला नियामक मंडळाची खुली सुनावणी लागली. ताई जुन्नरला मला भेटायला आल्या. "मी बोलले तर म्हणतील, काम गेलं म्हणून बाई चिडलीय. तुम्ही बोललात तर नोकरीवर येईल. सुनावणीला या, असं मी म्हणणार नाही. येऊ नका असंही नाही." घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "भागाबाईचं मला समदं सांगितलंत. मंग तितं सांगाया काय व्हतंय?"

गेलो. सगळे सुटाबुटातले, बोलणं इंग्रजी. कंपनीचा माणूस माझंच रजिस्टर वाचून दाखवत होता. मी उभा राहिलो. "साहेब, ते अक्षर माझं हाये. तार तुटलेली व्हती. मी खोटं लिव्हलं." ताई एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेल्या. 'खोटं'ला त्यांनी मऊ शब्द वापरला नाही, तेवढं इंग्रजी मला कळतं.

अट कायम राहिली. माझी बढती रोखली आणि बदली झाली. मी ताईंवर चांगलाच भडकलो. "लई झ्याक फळ मिळालं, राव!" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची शिक्षा रास्त आहे. पण ज्यांनी सामान दिलं नाही ते मोकळे राहिले, हे रास्त नाही." त्यासाठी त्यांनी किती अर्ज केले त्याला गणती नाही. त्या कामाची एक पैही त्यांना मिळणार नव्हती. असली बाई मी दुसरी पाहिली नाही.

सुनावणीनंतर सामान आलं, तेव्हा बदलीच्या गावी जाण्याआधी ते दोन खांब मीच उभे केले. ताईंनी भागाबाईच्या मुलाला कार्ड टाकलं, येत्या रविवारी फोन लाव. त्या रविवारी आम्ही तिघं शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. फोन वाजला. भागाबाईने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. "आरं, म्या हितंच व्हते रं!" असं ओरडली, आणि मग रिसीव्हर माझ्यापुढे केला. "त्यो इचारतोय, इतकं दिस उचलला का न्हाई. मला न्हाई सांगता येत. तुमी सांगा."

मी ताईंकडे पाहिलं. वाटलं, या एवढ्या जाणत्या, दोन वाक्यांत नीट समजावतील त्याला. ताई जागच्या हलल्या नाहीत. "सांगा," म्हणाल्या, "मी आहे इथे."

मी सांगितलं. खांब, तार, रजिस्टर, सगळं. 

मग तो म्हणाला, "म्हंजी माजी आई येऊन बसत व्हती?"

म्हटलं, "दर आयतवारी."

तिकडे तो हमाल गडी हुंदके देऊन रडायला लागला.