सॅम्युएलकाकांवर ठेवलेली नजर

दीड महिन्यापूर्वी अकोल्यात ऑफिसमध्ये असताना अमरावतीहून बायकोचा फोन आला. सॅम्युएलकाका गेले, बाबा त्यांच्या घरी जायचं म्हणतात... माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आलं ते हे, की आता तिथे बाबांना काय करायला लावतील? माणूस गेला तरी माझा संशय जिवंत होता. तो कबूल करण्यासाठीच हे लिहितोय.

सॅम्युएलकाका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. निवृत्तीनंतर वस्तीतल्या लोकांच्या जखमा धुऊन बांधत, कोणाकडून काही न घेता. साखरेच्या आजारानं बाबांच्या उजव्या पायाला जखम झाली आणि दोन वर्षं काका एक दिवसाआड आमच्याकडे येत राहिले. मी नोकरीमुळे अकोल्यात, फक्त रविवारी घरी. ते बाबांचा पाय मांडीवर घेत आणि मी दारात उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. काही पुटपुटतात का, एखादं पुस्तक हळूच देतात का... फुकटात कोणी कोणाचा पू पुसतं का? एकदा विचारलंच, "काका, तुमी हे काहून करता?"

"येशूनं सांगतलं म्हणून."

"मंग एक दिवस आमालेबी तेच सांगान."

"तुले कायले सांगू? त्यानं मले सांगतलं."

बाबा हसले. "याले सीआयडीत पाठवाले पाह्यजे होतं."

मला ते उत्तर धूर्त वाटलं.

मागच्या वर्षी गुड फ्रायडेची सुटी म्हणून मी गुरुवारी संध्याकाळीच घरी पोहोचलो. बाबा नव्हते. काकांसोबत रिक्षानं चर्चमध्ये गेल्याचं कळलं, तसा मी तडक तिथे गेलो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी तिथे एकमेकांचे पाय धुतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला दिसले ते वेदीसमोर स्टुलावर बसलेले, सदऱ्याच्या बाह्या ओल्या झालेले बाबा. बाप्तिस्मा दिला, असंच मी धरून चाललो.

"दोन वर्षं यानं माहा पाय धुतला," बाबा म्हणाले, "आज मी याचे धुतले. एवढंच."

मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर काकांना म्हणालो, "हेच पाह्यजे होतं ना तुमाले? आता आमच्या घरी येऊ नका."

"नाही येत," ते म्हणाले. "पण पट्टी चुकवू नको, राजू."

पट्टी चुकली. नवा कंपाउंडर कधी यायचा, कधी नाही. बाबांना त्या पायाचं दुखणं कळतच नसे, आणि माझ्यावर रुसून ते काही सांगतही नव्हते, बायकोला पाय पाहूही देत नव्हते. मधला एक रविवार ऑफिसच्या कामात गेला; दोन आठवड्यांनी मी घरी आलो तेव्हा खोलीत वास भरला होता. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. बाबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. काकांची माफी मागायची, हे मी दर रविवारी ठरवत होतो आणि पुढच्या रविवारवर ढकलत होतो...

फोननंतरच्या रविवारी बाबांना घेऊन काकांच्या घरी गेलो. आत शिरताच माझी नजर भिंतींवर फिरली, बाबांचा चर्चमधला फोटो लावलाय का ते पाहायला. नव्हता. ओसरीवर मात्र शेजारची म्हातारी शकीलाबी, पट्टी बांधलेला पाय पुढे करून बसली होती. काकांच्या पत्नी म्हणाल्या, "सवयीनं येते बिचारी. माह्या हातानं आता गाठ नाही सुटत."

बाबांनी कुबडी भिंतीला टेकवली. "राजू, बस खाली."

मी बसलो. बाबांच्या जखमेला मी एकदाही हात लावला नव्हता. गाठ सोडली, पट्टी ओढली. शकीलाबी कळवळली.

"ओढतं काहून? सॅम्युएलभाऊ पयले भिजवे."

दोन वर्षं मी दारात उभा राहून पाहत होतो. चिकटलेली पट्टी आधी भिजवायची असते, एवढंही मला दिसलं नव्हतं.

मी कोमट पाणी मागितलं.