घरमालकीणबाईंची शेवटची कादंबरी

मेलबर्नच्या क्लेटन भागात मास्टर्स करताना मी ज्या घरात भाड्याने राहायचे, त्या घराची मालकीण फिनलंडची कादंबरीकार होती. इथे सगळे तिला नावानेच हाक मारायचे. मराठीत सांगताना माझ्या तोंडी मात्र ‘बाई’च येतं. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडला आल्या. नवरा ऊसतोडीला जायचा. तो लवकर वारला. मग छोट्या मुलीला घेऊन बाई मेलबर्नला आल्या, हॉस्पिटलात साफसफाईचं काम धरलं, आणि शिफ्टला निघण्याआधी रोज लिहीत राहिल्या. पुस्तकं तिकडे फिनलंडमध्ये, फिनिश भाषेत छापून यायची. आमच्या गल्लीत त्या लिहितात हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या मुलीलाही ती पुस्तकं वाचता येत नव्हती. शाळेतून सांगणं आलं होतं, घरी इंग्लिशच बोला. “मी ऐकलं त्यांचं,” बाई एकदा म्हणाल्या. “माझं इंग्लिश थोडं सुधारलं. तिचं फिनिश मात्र गेलं.”

दुपारी मी युनिव्हर्सिटीतून आले, की सकाळी काय लिहिलं ते त्या बटाटे सोलता सोलता मला सांगायच्या. तेव्हा शेवटची कादंबरी चालू होती. उसाच्या गावात एक तरुण विधवा कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. लहान मुलगी उसात शिरेल, तिला साप चावेल, या भीतीने ती तिच्या कमरेला कापड बांधून तिला व्हरांड्याच्या खांबाला अडकवून ठेवते. मुलगी आधी खूप रडते. मग रडायचीच थांबते.

“इथे माझा हात चालत नाही,” बाई म्हणाल्या. सोललेला बटाटा बराच वेळ त्यांच्या हातातच राहिला.

कादंबरी पुरी व्हायच्या आत त्यांना स्ट्रोक आला. इंग्लिश पार पुसलं गेलं, फिनिश तेवढं उरलं. हॉस्पिटलात त्या मुलीचा हात धरून काहीतरी सांगत राहायच्या. मुलगी आता साठीला आलेली. ती माझ्याकडे बघून विचारायची, “काय म्हणतेय ती?” मला तरी कुठे कळत होतं! त्याच हिवाळ्यात बाई गेल्या.

घर आवरायला मुलगी आली, तेव्हा पुस्तकांच्या फळीसमोर कितीतरी वेळ उभी होती. मग म्हणाली, “तुला ती सगळं सांगायची ना? माझ्याबद्दल काही लिहिलं होतं का तिने?”

सांगावं की नाही, कळेना. शेवटी मी तिला त्या व्हरांड्याची गोष्ट सांगितली. ती खाली खोक्यावर बसली.

“निळं होतं ते कापड,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मला स्वप्न पडलं असेल. आईने कधी विषयच काढला नाही.”

“त्यांना ते लिहिणं फार जड जात होतं,” मी म्हटलं. ती रडली, मीही रडले.

पुढे तिने फिनिशचा क्लास लावला. माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, इथे कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाला, घर बदललं. तरी तिचा अधूनमधून फोन येतो. परवा सांगत होती, आईच्या पहिल्या कादंबरीचं पहिलं पान कसंबसं वाचून झालं. त्यात एक विनोद होता, तोही तिला कळला.

“आई विनोदी होती, हे मला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली.