चौथ्या बादलीतली टरफलं

आधी कबूल करून टाकते. आमच्या सोसायटीत आग विझवायला ठेवलेल्या बादलीतली वाळू काढून मी तिच्यात शेंगदाणे भाजले. एकदा नाही, सगळा उन्हाळाभर. आणि सोसायटीची सेक्रेटरी तेव्हा मीच होते.

माझं माहेर घोटीचं. चुरमुऱ्यांच्या भट्टीशेजारी वाढले, म्हणून वाळूतलं मला फार कळतं असा माझा समज. आमच्या पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीबाहेर चार लाल बादल्या टांगलेल्या असत. एकदा सहज बोटांत धरून बघितली तर वाळू बारीक, कोरडी, नावाला खडा नाही. अशी वाळू नाशकात मागून मिळत नाही, आणि इथे ती नुसती लटकतेय. मला काही ते बघवेना.

चौथी बादली जरा आडोशाला होती, तिलाच हात घातला. वाळू धुतली, गच्चीवर वाळवली, लोखंडी कढईत तापवली आणि मिठाच्या पाण्यात भिजवून सुकवलेले दाणे तिच्यात टाकले. वास पाचव्या मजल्यापर्यंत गेला. घरोघरी बशीभर वाटले. सगळ्या विचारायच्या, काकू, बाजारात असे का हो मिळत नाहीत? मी गूढ हसायचे. ते हसू आठवलं की आज त्या बाईला एक चापट द्यावीशी वाटते.

प्रत्येक खेपेला थोडी वाळू सांडायची, थोडी मोरीत जायची. उन्हाळा संपता संपता बादली अर्धी झाली. नवी आणू, नवी आणू म्हणत राहिले आणि तोवर म्हणून शेंगा सोलून उरलेली भुईमुगाची टरफलं दाबून भरली, वर वाळूचा थर पसरला. बादली पुन्हा गच्च. इतकी छान दिसली की पुढे मी ते विसरूनही गेले.

मग तळमजल्यावरच्या एका तरुण बाईने पाळणाघर काढायचं ठरवलं. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून बसली होती. पाच-सहा आया सोमवारपासून मुलं सोडणार होत्या. घोडं अडलं एका कागदावर. इमारतीतली आग विझवायची साधनं चालू आहेत असा दाखला दर सहा महिन्यांनी परवाना असलेल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो. आम्ही तो शेवटचा कधी घेतला होता ते मला सेक्रेटरी असूनही सांगता येत नव्हतं. दाखला नाही तर पाळणाघराला परवानगी नाही. बिचारी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, काकू, सगळं तुमच्या हातात आहे. झालं, माझ्या अंगात संचारलं.

आठवडाभर मी जिना डोक्यावर घेतला. सायकली खाली, कुंड्या आत, रद्दीचे गठ्ठे बाहेर. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांचं चपलांचं कपाट मी स्वतः ढकलत त्यांच्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं आणि वर त्यांना ऐकवलं, "मास्तर, आग लागल्यावर लोकांनी तुमच्या चपला ओलांडत पळायचं का?" मास्तर लोक लक्षात ठेवतात.

गुरुवारी एजन्सीची तपासनीस आली. काटकुळी मुलगी, हातात वही. तिने पंप चालवून पाहिला, पाइप उलगडून पाहिला, भरून आणलेले आग विझवायचे सिलिंडर तपासले, जिना चढून उतरली. सगळीकडे बरोबरची खूण. पाळणाघरवालीचा चेहरा खुलत चालला होता. शेवटी तपासनीस म्हणाली, आता कुणीतरी सभासदाने वाळू वापरून दाखवायची. पत्र्याच्या ट्रेमध्ये तिने चिंध्या पेटवल्या आणि चौथ्या बादलीकडे हात केला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी घाईने म्हणाले, "ती नको, ती फार जड आहे. पहिली घ्या."

तपासनीस मुलीने ती फार जड बादली एका हाताने अलगद उतरवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याच हातात दिली. मास्तर मागून म्हणाले, "टाका, टाका. सेक्रेटरीबाईंनीच टाका."

टाकली. आधी मूठभर वाळू पडली, मग टरफलांचा ढीग. विझत आलेला जाळ माझ्या कमरेइतका उसळला. तपासनीस मुलीने शांतपणे सिलिंडर उचलून सगळं पांढरं करून टाकलं, त्यात मी आणि मास्तरही आलो. आणि पार्किंगभर दरवळ सुटला तो ताज्या भाजलेल्या शेंगांचा. ज्यांनी ज्यांनी बशीभर खाल्ले होते, त्यांना माझं गुपित न विचारता कळलं.

तपासनीस मुलीने वही मिटली. बादली नीट भरेपर्यंत सही होणार नाही, शनिवारी येते म्हणाली. पाळणाघरवाली तशीच वळून घरात गेली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बांधकामाच्या दुकानातून वाळूचं पोतं रिक्षात घालून आणलं. वाळू कसली, निम्मे खडेच. पार्किंगमध्ये पाट टाकून चाळत बसले. थोड्या वेळाने मास्तर खाली आले, समोर खुर्ची मांडून बसले आणि खडे वेचू लागले. वेचता वेचता एवढंच विचारलं, आता दाणे नाहीत का? संध्याकाळपर्यंत आम्ही चौथी बादली काठोकाठ भरली.

शनिवारी तपासनीस मुलीने चारही बादल्यांत कोपरापर्यंत हात घातला. सही झाली. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिच्या घरी दाणे जाड्या मिठात भाजतात, तेही छान होतात.

सोमवारी मुलं आली. मी दाण्यांचे लाडू करून डबा घेऊन तळमजल्यावर गेले, जरा भीतभीतच. पाळणाघरवालीने झाकण उघडून वास घेतला, एक लाडू फोडून आत निरखून बघितला आणि म्हणाली,

"काकू, लाडू रोज आणा, माझं काही म्हणणं नाही. फक्त दाणे कशात भाजलेत ते दारातच सांगत जा."