कुंकवाच्या पुढचं दोन बोटं कापड

भूतखेत, अंगारे-धुपारे असल्या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गल्लीतलं कोणी भगताकडे निघालं की मी तोंडावर हसायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली... आता लोक मला हसतील. हसू देत.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. नागपुरात गांधीबागेमागच्या गल्लीत आमचा एकच हातमाग, घरात मी आणि बायको तुळसा. माझा उजवा खांदा आधी दुखायचा, मग असा आखडला की हात छातीच्या वर जाईना. आडव्या धाग्याचा धोटा फेकला की अर्ध्यात अडकायचा, लुगड्याचा उजवा काठ वाकडा यायचा. शेक झाला, तेल झालं, उमरेडच्या वैद्याचा लेप झाला. सात महिने! मागापुढे बसून मी रडलोय, खोटं कशाला सांगू. विणकराचा हात गेला तर मागे राहिलं काय?

शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, इथर देऊन झोपवतो आणि जोर लावून सांधा मोकळा करतो. हाड मोडूही शकतं. त्यानं नाही भागलं तर चिरावं लागेल. मी सही केली... डाव्या हातानं.

आमच्यात पद्धत अशी — माग सोडून बाहेर जायचं तर विणलेल्या शेवटच्या धाग्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं. ज्या दिवशी खांदा मोकळा करायचा होता, त्या सकाळी ते तुळसानं लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

टेबलावर तोंडाशी जाळी आली, इथरचा उग्र वास आला... आणि मी मागावर बसलेलो! हात मोकळा. धोटा इकडून तिकडे सरसर, काठ अगदी सुतात. मग कडकन आवाज झाला आणि सगळं गेलं.

शुद्धीवर आलो तर तुळसा उशाशी. हाड शाबूत होतं. स्वप्नाचं मी तिला काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी टांग्यानं घरी आलो. शेजारचे धोंडूमामा ओट्यावरूनच म्हणाले, "तू तं दवाखान्यात होता ना गा? मंग परवा सकाळी तुह्या घरी माग कोण चालवून राहिलं होतं?"

तुळसानं कुलूप काढलं. कुंकवाचा ठिपका होता तिथंच होता... आणि त्याच्या पुढे दोन बोटं नवं कापड. उजवा काठ सरळ, दुखणं लागायच्या आधी यायचा तसा. तिनं त्यावरून हात फिरवला.

"अजी, हे तुमच्याच हातचं हाय. मले का वळखू येत नाही?"

ती तर धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरायची, मागावर कधी बसलीच नव्हती. आणि त्या सकाळपासून ती दवाखान्यातच माझ्याजवळ होती. कुलपाला ओरखडा नव्हता.  

खांदा पुढे सुटला. हात वर जातो, पुढे वीस वर्षं विणलंही. पण उजवा काठ तसा सरळ पुन्हा कधी आला नाही. ते लुगडं तुळसानं विकू दिलं नाही, पेटीत घडी करून ठेवलंय. परवा मी ते काढून बसलो होतो, तर ती त्या सरळ काठावर बोट ठेवून शांतपणे म्हणाली, "डाक्तरनं हात देला जी... पण तो हा नाही."