बटणाएवढा सेल

सन २००४. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही — मुलाला नाही, दोस्ताला नाही, नमाजानंतर हात उचलतानाही तिचं नाव घेतलेलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच जमेल बहुतेक.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चूक झाली तर झाली, कुणी दुरुस्त करू नये.

पण आधी मला राग कशाचा आला ते ऐका. मागच्या शुक्रवारी इथं कतरमध्ये, मुऐदरला मुलाच्या घरी पाहुणे जेवायला होते. मुलानं माझे फोटो टीव्हीवर लावले. एक जण म्हणतो, "वा चाचा, या वयात नवीन हॉबी!" हॉबी? अरे, ज्या माणसानं मन्सूरात सव्वीस वर्षं स्टुडिओ चालवला, रत्नागिरीपासून रायगडपर्यंतची जी माणसं इथं उतरली त्यांतल्या अर्ध्यांचे चेहरे ज्यानं काढले, त्याला तू हॉबी सांगतोस? मी ताटावरून उठलो. मुलगा इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. माझी बायको जुलेखा मात्र हसत होती. म्हणाली, "अवो, बसा की. बरोबरच बोलला तो. तेव्हा धंदा होता, आता मजा हाय."

मजा. हाच शब्द लागला मला. कारण ती मजा माझी होती कधी?

सांगतो. इथं लग्नात बायकांचा हॉल वेगळा. तिथं पुरुष फोटोग्राफरला दार बंद — कतरींच्यात तसंच, आपल्या कोकणी लोकांच्यातही बहुतेक तसंच. मग अर्धं लग्न माझ्या हातून जायचं. म्हणून मी जुलेखाला शिकवलं. माझा जुना कॅमेरा तिला दिला, रोलवाला, हातानं फोकस करायचा. त्यात डोळा लावला की कडेला एक बारीक काटा दिसतो — उजेड किती ते सांगणारा. "काटा मध्ये आला की दाब," एवढंच शिकवलं. सगळ्यांना सांगायचो, मी शिकवली हो हिला. मोठ्या ऐटीत.

पहिली काही लग्नं ठीक गेली. मग एका घरचा अल्बम बघितला. एक फोटो होता. नवरीची आई. हॉल रिकामा झालेला, एका हातात लेकीच्या चपला, दुसऱ्या हातात ताट, उभ्यानंच जेवतेय — आणि स्वतःशीच हसतेय. बस. एवढाच फोटो. मी तो अल्बम मिटला, पुन्हा उघडला. मी स्टेजवर रांग लावून काढलेले सगळे फोटो त्या एका फोटोपुढे भिंतीसारखे दिसत होते. तुम्हाला असं कधी झालंय? आपल्याच घरातल्या माणसाचं काहीतरी बघून जळायला झालंय?

कौतुक करायला हवं होतं. मी काय बोललो? "फोटो जरा वाकडा आलाय."

ती म्हणाली, "होय काय? पुढच्या वेळी बघते."

मग लोकांचे फोन यायला लागले. भाबी असतील तरच बुकिंग. भाबींना म्हणावं नवरीला मेंदी लावतानाचेही काढा. माझ्याच दुकानात, माझ्याच नावाच्या पाटीखाली उभं राहून एक दापोलीवाला सगळ्यांसमोर बोलला, "उस्ताद, आता तुम्ही लाईट धरा, भाबी फोटो काढतील." सगळे हसले. मीही हसलो. आतून पेटलो होतो. त्या दापोलीवाल्याचा राग मला आजही आहे, आणि तो बिचारा खरं तेच बोलला होता.

त्याच संध्याकाळी जुलेखा कॅमेरा घेऊन आली. "अवो, काटा हलत नाय. बघता काय जरा?"

मी डोळा लावला. काटा खाली पडलेला. मी उघडूनही बघितला नाही. म्हणालो, "मेला हा. आतलं जळलंय. याचे पार्ट आता येत नाहीत. खलास."

तिचा चेहरा — मी चेहऱ्यांचा माणूस, मला विचारा — एखादं आजारी जनावर गेल्यावर होतो तसा झाला. तिनं कॅमेरा आपल्या जुन्या ओढणीत गुंडाळला. "दुसरा घेऊया काय?" तिनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, बघू. त्या "बघू"चा अर्थ नवऱ्याबायकोत काय असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

लग्नांचं काम मी बंद केलं. सांगितलं, कटकट फार. पुढं सगळी वर्षं पासपोर्टचे फोटो. पांढरा पडदा. कान दिसू द्या. हनुवटी खाली. हसू नका. दिवसभर हेच — हसू नका, हसू नका. घरून नुकतंच आलेलं कोवळं पोर असो की बाळंतीण, हसू नका. कॅमेरा हातात घेतला की मला कंटाळा यायचा, चीड यायची. लोकांना वाटायचं, उस्ताद कडक आहे. दुकान बंद केलं तेव्हा मी सगळं सामान विकलं आणि सुटलो म्हणालो. मोबाइलवाल्यांना शिव्या दिल्या. धंदा त्यांनी मारला, खरंय. मजा कुणी मारली?

गेल्या थंडीत जुलेखानं मुलाचा पडून असलेला डिजिटल कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. सूक वाकिफला, जुन्या बाजारात, चला म्हणाली. मी नाही म्हणालो, मग गेलो. तिथं सामान वाहणारे म्हातारे हमाल असतात, हातगाडीवाले. एक जण आपल्याच गाडीत पाय पसरून चहा पीत बसला होता. मी कॅमेरा लावला आणि सवयीनं हिंदीत बोललो, "हसना मत." त्यानं माझ्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, आणि असा हसला — तोंडात एक दात नाही — चहा दाढीवर सांडला. मी दाबलं. पुन्हा दाबलं. मीही हसत होतो, भर बाजारात, मूर्खासारखा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला घरी जाऊ नये असं वाटलं. त्यानंतर दर शुक्रवारी जातो. पक्षीबाजार, मसालेवाले, कुणी सोडला नाही. झोपेत फोटो दिसतात मला. अडुसष्टाव्या वर्षी!

हमालाचा तो फोटो जुलेखानं पुष्कळ वेळ बघितला. म्हणाली, "चांगला आलाय. असे मी काढायची, आठवतंय?" मग म्हणाली, "माझा मेला नसता तर..." आणि सुलेमानी चहा करायला उठली. तक्रार नव्हती त्यात. त्याचाच मला राग आला. तक्रार कर की बाई! भांड की माझ्याशी!

पाहुणे गेल्यावर, त्या शुक्रवारी, मी तिला सांगितलं. म्हणालो, तुझा कॅमेरा मेला नव्हता, त्यातला सेल संपला होता. शर्टाच्या बटणाएवढा असतो.

ती भांडी पुसत होती. "फक्त सेल?"

"हं."

"तुमाला तेव्हाच ठाऊक होतं काय?"

मी म्हणालो, "नाही. फार नंतर कळलं."

ती म्हणाली, "मग तुमचा काय दोष," आणि पुढचं भांडं घेतलं.

बघा. कबुली द्यायला बसलो आणि तिथंही खोटं बोललो. माफी फुकटात मिळाली, ती मी खिशात घातली. तेव्हापासून घास गोड लागत नाही. ती सातवी शिकलेली आहे, माझ्यापेक्षा भराभर वाचते. हे कागद मी टीव्हीखाली ठेवणार आहे, जिथं तिचा चष्मा असतो. वाचू दे.

तर ते २००४. मेला म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली असताना मी ओढणीतला कॅमेरा काढला आणि दुकानाखालच्या मल्याळी घड्याळवाल्याकडे नेला. त्यानं नवा सेल बसवला. मी कॅमेरा रस्त्याकडे धरला, डोळा लावला. काटा टणकन उठला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला. घड्याळवाला म्हणाला, "देखा उस्ताद, चालू!" मी शुक्रन म्हणालो. जिना चढून दुकानात आलो, नखानं झाकण उघडून सेल बाहेर काढला, आणि वाया जाऊ नये म्हणून दुकानाच्या कॅल्क्युलेटरमध्ये घातला. कॅमेरा घरी नेऊन पुन्हा तिच्या ओढणीत गुंडाळला, जशी तिनं गाठ मारली होती तशीच गाठ मारली, आणि कपाटावर मागे, तिचा हात पोचणार नाही इतका मागे, सरकवून ठेवला.