जंगूच्या मापाची बंदूक

मी सुतार. आलापल्लीले बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माह्यं टिनाचं शेड आहे. चौकट, पलंग, नांगर, बैलाचं जू, जे म्हनान ते करून देतो. बंदुकीचा दस्ता, म्हन्जे खांद्याले टेकते ते लाकूड, मातर जन्मात एकच केला, अन तो जंगूचा. लोकं इचारते, मुखरूभाऊ, एका दस्त्याले तीन वर्सं काऊन लागले? मी म्हनतो, घाई असन तं रेडीमेड आना बाप्पा, माह्यं डोस्कं खाऊ नका.

जंगू कोन ते सांगतो. जंगलखात्यात वनमजूर होता, तीस वर्सं. वनवा अडवाले आगीची लाईन काढायची, रोपाले पानी घालायचं, सायेबाच्या मागं डबा घेऊन चालायचं. गोंडाचा मानूस. गाव इथून सायकलीनं तासभर. बोलन तं आधी हासन, मंग थोडा थांबन, मंग बोलन. तेवढ्यात आपन दोन खिळे ठोकून घ्यावं.

त्याच्या आंगाले त्याच्या मापाचं काई कधी लागलंच नाई. चार भावायमंधी सगळ्यात लहान. पहिल्याची आंगी दुसऱ्याले, दुसऱ्याची तिसऱ्याले, अन तिसऱ्यानं फाडली का मंग जंगूले. खात्यानं वर्दी देल्ली, ते खांद्यावरून लोंबे. बूट आले नऊ नंबरचे, पाय सातचा. पुढं चिंध्या कोंबून ह्या मानसानं तीस वर्सं जंगल तुडवलं. मी एकदा म्हनलो, अबे, बदलून माग नं. तो हासला, थांबला, अन म्हने, "मागतलं तं अकराचे देतीन."

बंदूकही तशीच. त्याचा बाप पोचू, उंच मानूस, घरात शिरे तं कंबरीत वाकून शिरे. रानडुकरायपासून पीक राखाले म्हनून पोचूले सरकारी परवाना भेटलता. भरमार बंदूक, म्हन्जे नळीच्या तोंडातून दारू अन छर्रे ठासायचे, तशी जुनी. पोचू गेला, परवाना जंगूच्या नावावर झाला. पन नावावर झाल्यानं बंदूक काई लहान होत नाई. जंगूनं खांद्याले लावली का दस्ता बगलेत अडके, मान ताणून गाल टेकवा लागे, अन बार उडाला का जबड्यावर असा दणका बसे का दोन दिवस भात गिळवे नाई. डुक्कर तिकडं निवांत धान खाये. गावात म्हनत, जंगूचा बार चंद्रपूरले जाते, एसटीच्या आधी. तो बी हासे त्यायच्यासंगं. पन मी पाहो त्याच्याकडं. ते हासनं वरचं होतं.

मंग एक वर्सी इलेक्शन आलं. परवान्याच्या सगळ्या बंदुका ठान्यात जमा करा, असा हुकूम. जंगूनं माळ्यावरून बंदूक काढली तं दस्ता हातात भुसा होऊन आला. वाळवीनं आतून पार खाल्लता. नुसती नळी अन घोडा घेऊन हा ठान्यात गेला. इलेक्शन झाल्यावर तेच लोखंड घेऊन चंद्रपूरच्या परवान्याच्या बंदूकवाल्याकडं. दुकानदार म्हने, "नळी हेच राहीन, नंबर हाच राहीन, त्याले हात लावला तं आपन दोघंही आत. कागद मी करतो, नळी अन घोडा माह्यापाशी ठेवून जा. लाकूड तुमाले जसं पाह्यजे तसं घडवून आना."

जसं पाह्यजे तसं. साठीच्या मानसाले पहिल्यांदा कोनीतरी असं म्हनलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माह्या शेडात हजर. भुशावर बसला, हासला, थांबला. मी दोन खिळे ठोकले. मंग म्हने, "मुखरूभाऊ, मले माह्या मापाची बंदूक पाह्यजे."

"मारशील काय तिनं?"

"काई नाई."

"मंग पाह्यजे कायले?"

त्यानं डोळे मिटले अन रिकामे हात उचलले, बंदूक धरल्यासारखे. तसाच बसून बोलत राह्यला. म्हने, पहाट असन. धानाच्या बांधीत धुकं असन, लोंबं ओले असतीन. मी शेताच्या धुऱ्यावर बसलो असन. डुकरं येतीन, आधी त्यायचा आवाज येईन, चिखलातल्या पायाचा. मी उठीन. अन बंदूक खांद्यावर अशी येईन का मले समजनारही नाई, कवा आली. मंग मी आभाळात बार काढीन. डुकरं जातीन. पाखरं उडतीन. बस.

मी रंधा खाली ठेवला. त्याच्या हातात काईच नोतं, पन मले ते बंदूक दिसली, खरं सांगतो. तितक्यात मनकर्णा, माह्यी बायको, चहा घेऊन आली अन म्हने, "हे दोघं बुढे काऊन असे बसून राह्यले, हवेकडं पाहून?"

लाकडावरून आमचं आठ दिवस भांडन झालं. मी म्हनो साग, आलापल्लीत राहून दुसरं कोन वापरते? तो म्हने, साग दिसाले देखना पन धक्का खात नाई, फुटते. मले तिवस पाह्यजे. बैलबंडीचा आख तिवसाचा राह्यते, त्याले धक्क्याची सवय. तीस वर्सं झाडायमंधी राह्यलेला मानूस, मी मानलं. डेपोच्या लिलावात मिसळ लाकडाचा एक लॉट होता, त्यात तिवसाचा एक बुंधा भेटला, पास-पावतीसकट. जंगूनं त्याच्यावर हात फिरवून फिरवून एक जागा दाखवली. तिथं फांदी फुटलती अन लाकडाची रेष वाकून गेलती. म्हने, मूठ इथी आली पाह्यजे, रेष मुठीसंगं वाकली तं दस्ता तिथं तुटत नाई. जाता जाता बुंध्यापाशी चार मोहफुलं ठेवली अन काईतरी गोंडीत पुटपुटला. मी इचारलं नाई. लाकडासंगं त्याचं बोलनं चालू असलं तं मी मंधात पडत नाई.

आता माह्यी चूक सांगतो. लपवून काय करू?

आमच्या घरची रीत आहे, लाकूड आनलं त्याच दिवशी माप घ्यायचं. जू करायचं असलं तं आधी बैल उभा करायचा, बांबूच्या कांबीवर त्याच्या मापाच्या खाचा पाडायच्या, अन ते कांब लाकडाले बांधून माळ्यावर टाकायची. लाकूड वाळलं का कांबीवरून घडवायचं. माह्या बापानं असंच केलं, मीही असंच केलं, अन एकाही बैलानं तकरार केली नाई. तं जंगूले उभा केला. छाती पुढं, पाठ ताठ, खाकी पँट वर वढून. कोपराच्या खोबनीतून बोटाच्या पेरापर्यंत एक खाच. खांद्यापासून गालापर्यंत एक. मान, छाती, समोरचा हात किती लांब जाते, सगळ्याच्या खाचा. त्याले गुदगुल्या होत होत्या, हालत होता. मी खेकसलो, उभा राह्य नं सिधा. टोकायले शेन-माती लिंपून लाकूड सावलीत टाकलं. ओलं तिवस घाईनं घडवलं तं पिळते. तीन वर्सं लागतीन, म्हनलं.

"लागू दे," तो म्हने. "माप तं झालं."

त्या तीन वर्सांत ते बंदूक आम्ही शंभरदा घडवली, नुसत्या तोंडानं. संध्याकाळी सायकल टेकवून भुशावर बसे. आज म्हने, दस्त्यावर मोर कोरू. उद्या म्हने, मोर नोको, मोर पाहून डुकरं काई भेत नाई. एक दिवस म्हने, गाल टेकते तिथं लाकूड जरा उचलून ठेव, उशीसारखं. मले राग येये, म्हनो, पलंगच करून देतो, झोप त्याच्यावर. पन रात्री अंथरुनावर पडलो का मले ते उशी दिसे. तेल कोनतं लावायचं ह्याच्यावर एक अख्खा उन्हाळा गेला. शेवटी मोहाच्या टोळीचं, म्हन्जे बियांचं, तेल ठरलं.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याले खोकला लागला. बसला घरी काढा पीत. मंग रक्त पडलं तवा नीलाबाई, त्याची घरवाली, त्याले गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एक दिवस चुकवला नाई, अन बरा झाला. पुन्हा सायकल घेऊन शेडात येऊ लागला. पह्यले एका दमात ये, आता नाल्यापाशी उतरून चाले. मले वाटलं, आजारी होता, भरून येईन.

रोज दिसनारा मानूस किती कमी झाला, ते रोज पाहनाऱ्याले दिसत नाई. नीलाबाईले दिसलं. तिसऱ्या वर्सी दिवाळीच्या आधी बाजाराले आली तवा शेडापाशी थांबली. म्हने, "भाऊ, एकदा फिरून माप घेता काय? मी त्यायचे सदरे आत घेऊन राह्यली."

अन मी काय म्हनलो? "बाई, सदरा वेगळा, दस्ता वेगळा. हाडं काई आखूड होत नाईत. मले माह्यं काम शिकवू नका." ते बिचारी निघून गेली. अजून ते आठवलं का मले माह्याच थोबाडात मारावं वाटते.

दस्ता घडवाले दीड महिना लागला. असं लाकूड मी पह्यले कधी कोरलं नाई, पुढंही कोरनार नाई. मुठीपाशी रेष अशी वाकली का जशी त्यानं बोटानं काढलती. मोर नाई, काई नाई, फक्त गालाखाली ते उशी. कांबीवरच्या एकेका खाचेले बरोबर. तेलाचे सात हात देल्ले. मनकर्णानं आपली नवी चादर काढून देल्ली गुंडाळाले, आपन होऊन.

आम्ही दोघं एसटीनं चंद्रपूरले गेलो. जंगूनं दस्ता मांडीवर आडवा ठेवलता, लेकरासारखा. कंडक्टर म्हने, काय आहे बाबा? जंगू हासला, थांबला, कंडक्टर पुढं निघून गेला. मंग हा मले म्हने, "बंदूक."

दुकानदारानं नळी बसवली, घोडा बसवला. दोन तास लागले. चष्मा काढून म्हने, "कोनी केलं हे? शहरात असं काम भेटत नाई." माह्यी छाती फुगली. त्यानं बंदूक जंगूच्या हातात देल्ली.

जंगूनं डोळे मिटले. बंदूक उचलली.

दस्ता बगलेत अडकला.

त्यानं मान ताणली. गाल लाकडापर्यंत गेला नाई. पुढच्या हाताले वजन पेलत नोतं, नळीचं तोंड खाली चाललं होतं. मी समोर उभा होतो, अन तीन वर्सांत पहिल्यांदा मी जंगूले पाह्यलं. पाठ वाकलेली. खांदा खाली आलेला. गळ्यापाशी दोन खड्डे. त्यानं डोळे उघडले, माह्याकडं पाह्यलं अन हासला. या वेळी थांबला नाई. लगेच म्हने, "बसली, मुखरूभाऊ. एकदम बसली."

दुकानदार भला मानूस, त्याले आमची गोठ काय माहीत. म्हने, "कुठी बसली बाबा? दोन बोटं लांब आहे तुमाले. काटावा लागते."

"नाई नाई," जंगू म्हने. "बरोबर आहे. काटू नका. याह्यनं लय मेहनतीनं केलं."

मले राहवलं नाई. मी त्याच्या हातातून बंदूक घेतली, काउंटरवर ठेवली, अन बोललो. का नीलाबाईनं मले सांगतलं होतं. का मी तिले खेकसलो. का तू बैल नोहे, मानूस होय, अन मी तुह्यं माप बैलासारखं घेतलं.

जंगू खुर्चीवर बसला. दुकानदारानं चहा सांगतला, तो आला, थंडा झाला.

मंग म्हने, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आलो तवापासून. पन तुह्याकडं ते कांब होती नं. घरी सगळे मले उचलून बसवत. तुह्या शेडात मी तेवढाच होतो, पह्यल्याएवढा. फिरून माप घे म्हनलो असतो तं तिथंही कमी झालो असतो."

मी काउंटरवरची बंदूक त्याच्याकडं सरकवली.

तोच उठला. भिताडापाशी जाऊन उभा राह्यला. म्हने, "घे आता." छाती पुढं काढली नाई, पाठ ताठ केली नाई, होता तसा उभा राह्यला. मी माप घेतलं. कोपरापासून बोटापर्यंत तेवढंच भरलं, हाडं खरंच आखूड होत नाईत. बाकी सगळं कमी होतं. एकेक माप मी मोठ्यानं सांगतलं अन त्यानं एकेकाले मुंडी हालवली. हालला नाई, गुदगुल्या झाल्या नाईत.

दुकानदाराची करवत घेतली, पन काटलं मीच. दोन बोटं. मंग टाच, म्हन्जे खांद्याले लागनारं टोक, खाली घेतली, गालाखालची उशी वर राहीन अशी बाजूनं कानस मारली, तेल फिरवलं. दुकानदारानं दुकानाचं अर्धं शटर खाली वढलं का मंधात कोनी येऊ नये.

बंदूक त्याच्या हाती देल्ली. त्यानं डोळे मिटले नाईत. उचलली, अन ते गेली. खांद्यात गेली, गाल लाकडावर आला, पुढचा हात सरळ झाला अन थांबला. कवा गेली ते मलेही दिसलं नाई.

"आता?" दुकानदार म्हने.

जंगू हासला नाई. समोर भिताडावर कॅलेंडर होतं, तिकडं नळी करून तो तसाच उभा राह्यला. त्याच्या डोळ्यातलं पानी गालावरून दस्त्यावर उतरत होतं. नव्या तेलावर पानी पडलं का डाग राह्यते, हे मले माहीत आहे. मी पुसलं नाई.