समर गुप्ते मेडिकल पास होतो

समर गुप्ते लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये लोकांना गाडी शिकवतो. दिवसाचे सात तास तो शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर असतो, आणि शिकणारा माणूस ब्रेक मारतो तसा दुसरं कुणी मारत नाही. प्रत्येक धक्का समरच्या कमरेत, शेवटच्या दोन मणक्यांत जाऊन बसतो. "व्हेरी गुड," तो म्हणतो, "आता क्लच हळूहळू सोडा."

त्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गेल्या महिन्यात पर्लीच्या रस्त्यावर एक बाई बाबागाडी घेऊन क्रॉसिंगवर उतरली. समरने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. खाली बघितलं तर त्याचा उजवा पाय पेडलच्या शेजारी, रबरी मॅटवर दाबला जात होता. गाडी थांबली ती शिकणाऱ्याने घाबरून ब्रेक मारला म्हणून.

समरचे वडील, डॉ. हरीश गुप्ते, भूलतज्ज्ञ. इथल्या हॉस्पिटलांत त्यांनी तीस वर्षं माणसं झोपवली. मुलगा सोळाव्या वर्षी एका फुटबॉल क्लबशी करार करून आला तेव्हा ते म्हणाले, "बाकीच्यांची मुलं डोकं वापरून पोट भरतात. तूही वापरणारच आहेस म्हणा, बॉल मारायला."

समर सेंटर हाफ झाला. उंचावरून आलेला बॉल कंबर मागे मोडून डोक्याने परतवायचा आणि त्याच क्षणी कुणाचा तरी गुडघा पाठीत घ्यायचा, हे त्याचं काम. चौथ्या डिव्हिजनमधले सात क्लब, सोळा सीझन. एकोणिसाव्या वर्षी मणक्याच्या हाडाला तडा गेला, तो कधी नीट सांधला नाही. पुढे इंजेक्शन आणि इंजेक्शनवर नव्वद मिनिटं. मॅनेजर जखमी खेळाडूंशी बोलत नसत, साधं गुड मॉर्निंगही नाही. करार वर्षा-दोन वर्षांचा, आणि नवा क्लब म्हटलं की नवी मेडिकल, म्हणजे डॉक्टरी तपासणी. म्हणून समरने एक विद्या मन लावून शिकून घेतली. सकाळी दोन गोळ्या. वाकताना कंबर हलवायची नाही, खुब्यातून वाकायचं. बोटं जमिनीला टेकतात आणि तपासणारा खूश होतो. सातही वेळा तो पास झाला. तेहतिसाव्या वर्षी शेवटच्या क्लबने त्याला फोनवरून सोडलं. आता तो एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि त्याच्या पायांत मोजे त्याची बायको देविका घालते.

स्पायनल क्लिनिकची अपॉइंटमेंट चौदा महिन्यांनी आली. फिजिओने आधीच लिहून ठेवलं होतं की नस अशीच दाबलेली राहिली तर पायातली संवेदना परत येणार नाही. सर्जनने ऑपरेशनच्या यादीत नाव घातलं तर ठीक. घरी पाठवलं तर पुन्हा जीपीपासून, म्हणजे फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात.

"आज खरं सांग," देविका गाडी चालवताना म्हणाली. "एवढंच कर."

"सांगतो गं. माझा पाठ आहे, मला माहीत आहे." क्रॉयडनमध्येच जन्मलेल्या समरची पाठ कायम पुल्लिंगी.

"जीपीला काय म्हणालास? नॉट टू बॅड."

"असं म्हणतात इथे."

"मेलास तरी नॉट टू बॅडच म्हणशील."

हॉस्पिटलचं पार्किंग भरलेलं होतं. त्याला दारात सोडून ती जागा शोधायला गेली. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं गेलं.

सर्जन गंधार साने. सर्जनला इथे मिस्टर म्हणतात. मिस्टर सान्यांनी स्क्रीनवरचं नाव बघितलं, मग चेहरा, मग पुन्हा नाव.

"गुप्ते? सेंटर हाफ गुप्ते?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, मी नाशिकचा! दोन हजार नऊला तुमच्या क्लबच्या गावात ज्युनिअर डॉक्टर होतो. शनिवारी पावसात उभं राहून बघायचो. मॅच कसली, शर्टावरचं आडनाव बघायला यायचो. दहा गोरे आणि एक गुप्ते! आईला फोन करून सांगितलं होतं. आणि ती कप मॅच? डोक्याला बँडेज, रक्त गळतंय, तरी शेवटच्या मिनिटाला हेडर?"

"नाइन्टी-थर्ड मिनिट," समर म्हणाला आणि ताठ झाला.

"वाका बघू."

बोटं जमिनीला टेकली.

"वा! मला नाही जमत हे. दुखणं दहापैकी किती?"

"तीन. बॅड डे असला तर चार."

मग तो कुणाचा हात न घेता तपासणीच्या पलंगावर चढला आणि आडवा झाला.

"डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

समरने डोळे मिटले, पण पापण्यांत बारीक फट ठेवून. फटीतून टाचणी दिसत होती. "हो," तो म्हणाला. "हो. हो." मिस्टर साने सेमीफायनलबद्दल बोलत होते, टाचणी तळपायावरून घोट्याकडे जात होती, आणि समर एकदाही चुकला नाही.

"तुमचा एमआरआय भयंकर आहे. पण मी फोटोवर ऑपरेशन करत नाही, माणसावर करतो. आणि माणूस एकदम फिट आहे."

दार उघडून देविका आत आली, धापा टाकत, पावसात भिजलेली.

"या वहिनी! अभिनंदन करा ह्यांचं. ऑपरेशनची गरज नाही."

देविकाने समरकडे बघितलं. तो हसत होता. हे हसू तिने फक्त जुन्या टीम फोटोत पाहिलं होतं.

"ब्रेकचं सांगितलंस?"

"देविका, प्लीज."

"ह्याचा पाय ब्रेकवर नव्हता, डॉक्टर, आणि ह्याला ते कळलं नव्हतं. समोर बाई होती. बाबागाडी घेऊन."

"शूज ओले होते," समर म्हणाला. "पाय स्लिप झाला."

मिस्टर साने हसले. "वहिनी, पाय तपासलाय मी. सगळं कळतंय त्यांना."

"ह्याने बघितलं असणार."

तिने पर्स खुर्चीवर टाकली, पलंगाच्या डोक्याशी गेली आणि दोन्ही तळहातांनी त्याचे डोळे झाकले. तिचे हात गार होते.

"आता टोचा."

"अगं, व्हॉट आर यू—"

"गप्प पड."

मिस्टर सान्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग नवी टाचणी घेतली. अंगठा. तळपाय. पायाची वरची बाजू. समर तोंड किंचित उघडं ठेवून, हो म्हणायच्या तयारीत पडून होता. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला रक्ताचा एक थेंब आला. मिस्टर साने थांबले. देविकाने मानेनेच सांगितलं, वर जा.

"सुरू करा ना," समर म्हणाला. "आय ॲम रेडी."

टाचणी नडगीच्या कडेने दोन-दोन बोटांवर टोचत वर चढत राहिली. गुडघा चार बोटांवर आला तेव्हा समरचा पाय दचकला.

"हो!" तो म्हणाला. "बघितलंस, देविका? पहिल्यालाच कळलं."